रेघा

भूगोल विभागात त्या दिवशी गाडी माझ्याकडंच होती,
तीही स्प्लेंडर,
म्हणून पाहुण्या बाईंना शहर दाखवायचं माझ्या गळ्यात पडलं.
तासिका तत्त्वावरच्या माणसाला
नाही म्हणायची तासिका नसते.

डॉ. ओलेस्या ह्रिन्को, जलशास्त्र, खेरसन.
सकाळी नऊला गेस्टहाउसबाहेर उभ्या,
पाठीवर सॅक, हातात पाच मीटरचा पोलादी टेप.
मी म्हणालो, आधी देवी, मग रंकाळा, मग मिसळ.
त्या म्हणाल्या, आधी भिंती.

भिंती म्हणजे काय ते जामदार क्लबपाशी कळलं.
फेब्रुवारीतली पंचगंगा लांब, खाली,
म्हशी धुणाऱ्या पोराच्या गुडघ्याएवढी,
आणि बाई मान वर करून
विजेच्या खांबावरचा गाळ वाचत होत्या.

आम्हा कोल्हापूरकरांना पुराचा एक अभिमान आहे,
परक्याला सांगू नये असा.
पानपट्टीवाला टपरीतनं बाहेर आला,
छातीला हात लावून म्हणाला, एकोणीसला हितनं.
रिक्षावाला म्हणाला, काय सांगतोस, डोक्यावरनं.
जुंपली दोघांची.
बाईंनी टेप धरला.
दोघंही चुकले होते, फूट-दीड फूट,
आणि दोघांनाही ते मान्य नव्हतं.

उन्हं चढल्यावर कुंभार गल्ली. बायजाक्काचा सोपा.
चौकटीशेजारी तीन रेघा:
पाचची गेरूची,
एकोणीसची निळ्या ऑइलपेंटची, वर तारीखसुद्धा,
एकवीसची नुसतीच खिळ्यानं ओरखडलेली.
तोवर रंग आणायचा उत्साह कुणाला उरला नव्हता.
बायजाक्का म्हणाली,
दर साली गणपती आम्ही न्यायचो नदीकडं,
त्या साली नदीच आली न्यायला,
निम्म्यांचे डोळेबी काढले नव्हते अजून.
मी भाषांतर केलं.
बाई हसल्या नाहीत.
आकड्यांच्या रकान्यात त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

मग चहा. मग बायजाक्कानं विचारलंच,
तुमच्यातबी येतोय व्हय पूर?

बाई माझ्याकडं बघून सावकाश बोलल्या.
मी सांगत गेलो:
एकदाच आला, आक्का. जून महिन्यात. पाऊस नव्हता.
वर धरण होतं, ते फुटलं.
सवयीनं म्हणालो, फुटलं.
आपल्याकडं धरणं फुटतातच.
मग थांबलो, क्रियापद बदललं:
फोडलं.
बायजाक्काच्या हातातली बशी तिथंच राहिली.
एवढाच फरक, एका मात्रेचा,
आणि पाणी तेवढंच.

मग रेघ कुणी वडली तुमच्यात? आक्का म्हणाली.
बाईंनी बराच वेळ टेप गुंडाळला.
आईचं घर पलीकडच्या काठावर.
रेघ असेल भिंतीवर, कुणी न ओढताही असेल.
पूल नाही. असता तरी जाता येत नाही.
इकडच्या काठावरनं दुर्बिणीतनं छप्पर दिसायचं,
आता तेही नाही.

आक्का काही बोलली नाही.
उठून तिनं खिळा शोधला, गंजका,
आणि बाईंच्या हातात दिला.
कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.
मी भाषांतर केलं नाही.

परतताना शिवाजी पुलावर बाईंनी गाडी थांबवायला सांगितली.
मला वाटलं, फोटो.
त्या नुसत्या कठड्याला टेकून
एका काठाची माणसं दुसऱ्या काठाला जाताना बघत राहिल्या:
उसाची ट्रॉली, शाळेची पोरं,
पिशवीतनं कोथिंबीर डोकावणारा एक म्हातारा,
कुणाला कुणी काही विचारत नव्हतं.

पेट्रोलचे एकशे चाळीस रुपये विभागाकडनं अजून यायचेत.

जुलैत एका रात्री मोबाइल वाजला.
राजाराम बंधारा एकोणचाळीसला टेकलेला,
सुतारवाडा सामान बांधत होता.
देवनागरीत, कुठनंतरी उतरवून घेतलेलं:
पाणी किती फुटावर?
मी फूट कळवले, इंच कळवले, तासाला किती चढतंय तेही.

उलट त्यांना काय विचारायचं,
ते अजून ठरत नाही.